जेवणाचं बोलावणं

शीळ घालत तौनोने माशांची मुंडकी दगडांखाली दडवली. ती शीळ म्हणजे अस्वलांना जेवणाचं बोलावणं. मग तो इर्याच्या लाकडी खोपटात कॉफीला टेकला. “सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. शिंक आली तरी गिळायची.” “वीस वर्षं अस्वलांचे फोटो काढतेय, मला नको शिकवू म्हाताऱ्या,” इर्या हसली. गप्पा मारून तो गाडीकडे निघाला. थोड्याच वेळात ओळखीची अस्वलाची मादी आली. इर्याने कॅमेरा रोखला. मादी खोपटाच्या मागे बघत राहिली आणि तोंडातलं मुंडकं टाकून बर्फातून पळाली. तेवढ्यात तौनोचा मेसेज आला: “मुंडक्यांची बादली तुझ्या दाराबाहेरच राहिली. बाहेर पडू नकोस, न्यायला येतोय.” इर्याच्या पाठीमागे, दाराबाहेर, बादलीची कडी वाजली. तिने ‘येऊ नकोस’ पाठवलं. रिकामी बादली गडगडली आणि जड पावलं गाडीच्या वाटेला लागली. तिकडून तौनोची शीळ जवळ येत होती.