सपातांचा तिसरा जोड

चिखलाचे बूट दाराशी काढायचे आणि मालकीण मांडेल त्या लोकरी सपाता घालायच्या, ही डोंगरातल्या मुक्कामघरांची रीत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन लीके आणि तिचा नवरा योरिट ऑस्ट्रियातून इटलीत, तिथून स्वित्झर्लंडमध्ये आले. पण जिथे जावं तिथे त्यांच्यापुढे सपातांचे तीन जोड मांडलेले.

"आम्ही दोघंच आहोत हो!" लीके आधी हसून सांगायची, मग चिडून, हल्ली रडकुंडीला येऊन.

"आणि मागून येताहेत ते?" मालकिणी विचारायच्या. मागे कुणीच नसायचं.

"घरी जाऊ या रे. मला नाही सोसत आता," आज चढावर ती म्हणाली.

"एवढा मुक्काम काढ. उद्या उतरू खाली."

इथल्या मालकिणीने मात्र दोनच जोड मांडले. लीकेचा जीव भांड्यात पडला. ती बाकावर मटकन बसली आणि एक जोड पायांत चढवला.

"सुटलो एकदाचे!" म्हणत योरिट दुसऱ्यात पाय घालू लागला. पाय आत जाईना. त्याने जोर लावला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लीके, यात कुणाचा तरी पाय आहे."

मालकीण त्याच्या आरपार बघत लीकेला म्हणाली, "दोघंच ना तुम्ही? या, बसा. सूप निवतंय."