दोघांत एक माप

माझ्या वाढदिवसाला मला डोंगरात चालवायची सायकल घ्यायची, असं नवऱ्याने ठरवलं. दुकानदाराने मला उंची विचारली, ती ह्यानेच सांगितली. वजन विचारलं, तेही ह्यानेच सांगितलं आणि वर स्वतःच हसला.

"ताईंना स्मॉल फ्रेम लागेल," दुकानदार म्हणाला.

"छे! लार्ज काढा," म्हणत स्वारी स्वतःच लार्जवर टांग टाकून बसली. सीट आपल्या पायांच्या हिशोबाने वर घेतली, पुढच्या सस्पेन्शनमध्ये आपलं वजन पेलेल एवढी हवा भरून घेतली आणि काचेत मान तिरकी करून स्वतःला न्याहाळलं. मग आठवण झाल्यासारखं मला वर बसवलं. माझी बोटंसुद्धा जमिनीला टेकेनात.

"होईल सवय," तो मला म्हणाला. मग दुकानदाराला शहाणपण शिकवू लागला, "अहो, घरात दोन्ही सायकली एकाच मापाच्या असलेल्या बऱ्या. माझी बिघडली की हिची घेऊन जाता येते."

एवढं बोलून तो कार दाराशी आणायला गेला. दुकानात शिरल्यापासून मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ती स्मॉल द्या."

दुकानदार घुटमळला. दाराकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला ती अगदी बरोबर बसेल. पण साहेबांना नाही हो चालवता येणार. प्रत्येक पेडलला त्यांचे गुडघे हँडलवर आपटतील."

"नक्की ना?" मी विचारलं.