भिंतीवरची सतार

अमृताताईंच्या डोंबिवलीच्या क्लासमध्ये त्यांच्या गुरूंची सतार भिंतीला टांगलेली असायची. खाली कुणी सूर छेडला की तिच्या तरफेच्या बारीक तारा आपोआप गुणगुणायच्या. एका सुरात लावलेल्या वाद्यांचं ते असतंच. मुलांचा सूर नेमका लागला का, हे ताई भिंतीकडे कान देऊनच ओळखायच्या.

छोटी समृद्धी शिकायला आली आणि क्रम फिरला. आधी भिंतीवरची सतार गुणगुणायची, मग तोच सूर पोरीच्या नखीखालून निघायचा. ती चुकणार असली, तर चूकसुद्धा आधी वरून यायची. दुपारच्या पेंगुळलेल्या उन्हात ताईंना त्याचा लळाच लागला. कुणापाशी त्या बोलल्या मात्र नाहीत.

आज समृद्धी सतार घेऊन बसली, पण वरून काहीच येईना.

"ताई, सुरू करू?"

"थांब गं जरा. वरून येऊ दे."

"वरून काय?" समृद्धी हसली आणि तिने नखी तारेवर टेकवली.

तेवढ्यात भिंतीवरच्या तारा थरथरल्या. पण सूर नव्हता तो. ताईंचाच आवाज होता, रडून रडून घोगरा झालेला, आणि तो समृद्धीला हाका मारत होता.

ताईंच्या डोळ्यांत अजून पाण्याचा थेंबही नव्हता.