चुलीमागचा चौकोन

वरच्या धरणातून सकाळीच पाणी सोडलं होतं, आणि म्हातारी काही चुलीमागची जागा सोडत नव्हती.

उत्खननाला आलेल्या मृदुलाचा जीव टांगणीला लागला होता. खालचं धरण आटल्यामुळे यंदा उघड्या पडलेल्या या बुडीत गावातलं म्हातारीचं एवढं एकच घर खणायचं राहिलं होतं, आणि त्यातला हा एकच चौकोन. तिथली माती गोल डागासारखी काळपट होती. खाली नक्कीच काहीतरी पुरलेलं होतं. पाणी उंबऱ्याला लागलं तशी ती खुरपं घेऊन म्हातारीजवळ उकिडवी बसली.

"आजी, सरका की जरा."

"खाली माझी लेक हाय, बाई. बारशाआधीच गेली." म्हातारीने मातीवर तळवा दाबून धरला. "उकरू नगं."

मृदुलाने खुरपं पिशवीत टाकलं, वही मिटली.

"वही मिटू नगं. लिव." म्हातारीने वहीकडे बोट दाखवलं. "धरणाच्या येळी सायबांनी घरं लिवली, झाडं लिवली, म्हशीबी लिवल्या. हिला कुणीच लिवलं न्हाई."

पाणी चुलीत शिरलं. मृदुलाने घाईघाईने वही उघडली. रकान्यावर छापलं होतं, 'सापडलेली वस्तू'. 'वस्तू'वर काट मारून तिने लिहिलं, मुलगी.