आई देतेय

हाँगकाँगला पाच वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळून मारिसेल फिलिपिन्समध्ये इलोइलोला घरी परतली, तर तिची सहा वर्षांची जोवी आजीच्या मागून पुढे यायलाच तयार नाही.

"अगं, आई आहे तुझी! नमस्कार कर, हात कपाळाला लाव तिचा," आजी खेकसली. मोठ्यांना नमस्कार करायची तिथली हीच रीत; पाहुण्यांचा लावावा तसा जोवीने तो हात कपाळाला लावला आणि पळाली.

"लाजते गं, होईल सवय," मारिसेल म्हणाली.

"विसरू नये म्हणून किती केलं मी!" आजी रडवेली झाली. "गावात फोनला धड रेंज नाही. मग तुझे पैसे आले की हिला एटीएमपाशी न्यायची. नोटा बाहेर आल्या की सांगायची, बघ, आई देतेय."

दुसऱ्या दिवशी शेवटचा पगार काढायला तिघी तिथे गेल्या. एटीएम दिसताच जोवी आजीचं बोट सोडून धावली. टाचा उंचावून तिने नोटा येतात त्या फटीला कपाळ टेकवलं आणि हळूच कुजबुजली. मागे उभ्या मारिसेलला शब्द न् शब्द ऐकू आला.

 

"आई, घरी एक बाई आलीय. आजी म्हणते, तिला आई म्हण. मी नाही म्हटलं, शप्पथ!"