चौथा मॉप

नेतृत्व प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दुपारी आम्हा सर्जनांना नाटुकलं करायला लावलं. डोळे मिटत होते. मला सिस्टरची भूमिका मिळाली. सर्जन झाला माझाच जुना विद्यार्थी, वाघुळदे. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं : रक्त टिपायचा एक मॉप मोजणीत कमी आहे, पोट शिवण्याआधी सर्जनला थांबवा.

"सर, एक मॉप कमी..."

"मोजता येत नाही का? सुई द्या," मान वर न करता वाघुळदे म्हणाला. शब्द माझे, सूरही माझाच. मी मुकाट्याने नसलेली सुई त्याच्या हातात ठेवली.

"तुम्ही का थांबवलं नाही, डॉक्टर?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं. अठ्ठावीस वर्षं तासन्‌तास उभं राहायची सवय, तरी मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

सोमवारी खऱ्या ऑपरेशनमध्ये पोट शिवण्याआधी मी हात थांबवला. आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, "सिस्टर, मॉप मोजून झाले?"

"बरोबर आहेत, सर," त्या लगेच म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्यांच्या चिमट्यात चौथा मॉप होता. मोजायचे उरलेले सहा अजून बादलीतच होते.