बंबाचा आरसा

अणुभट्टीच्या आगीनंतर बेवारस पडलेला अग्निशमन दलाचा बंब वीस वर्षांनी, निर्धोक ठरल्यावर, चित्रप्रदर्शनात उभा होता. चित्रकाराने टाकीवर राखेचा ढग रंगवून काचा-आरशांवर मुद्दाम धूळ चिकटवली होती. त्याच आगीत गेलेल्या बंबचालकाची विधवा मुलाला घेऊन आली होती. तिने बाजूचा आरसा रुमालाने खसाखसा पुसला. "अहो बाई, ती धूळ चित्राचाच भाग आहे!" रखवालदार ओरडला. "ढग राहू दे तुमचा. पण माझा माणूस आरशावर बोट उमटू द्यायचा नाही." रखवालदाराने बंबाचं दार उघडलं. बापाच्याच उंचीच्या मुलाला तिने चालकाच्या जागी बसवलं. "आरसा हलवू नकोस हं," म्हणत ती बंबामागे जाऊन उभी राहिली. आगीवर निघताना नवरा आरशातून तिला शोधायचा, ती हात हलवायची. शेवटच्या सकाळी मात्र भांडणाच्या रागात तिने पाठ फिरवली होती. आज तिने हात हलवला. "आई, दिसलीस," मुलगा म्हणाला. तिचा हात थांबेना.